जोमायचं कांदळवन

कुरवाडी बेटाला खाडीच्या अंगाने कांदळांची दाट हिरवी झालर आहे. तिथून होडी नेताना पोशा तांडेल वल्ही थांबवतो, आवाज उतरवतो आणि पाहुण्यांना सांगतो, की हे रान आपसूक उगवलेलं नाही. जोमायनं लावलं म्हणे.

जोमाय ही बेटावरची विधवा कोळीण. तिनं रंगवलेली जाळी तीन-तीन वर्षं कुजत नसत. तो रंग कांदळाच्या सालीचा. तिचं पाहून घरोघरी साली उकळू लागल्या. जाळी लालबुंद झाली आणि सोललेली झाडं उभ्या उभ्या वाळली. मग भरतीला अडवणार कोण? किनाऱ्याचा चिखल वाहून गेला, खारं पाणी आत शिरलं आणि बेटावरची एकुलती एक विहीर मचूळ झाली. मंडळींनी बेट सोडायचं ठरवलं.

जोमायला हे फार लागलं. तिचा नवरा दर्यानं नेलेला. त्याची वाट ती याच किनाऱ्यावर पाहत आली होती. तिनं नवस बोलला, "विहीर गोडी होईस्तवर मासा तोंडात घालायची नाय." कोळणीचा असला नवस! लोक तोंड लपवून हसले.

पलीकडच्या तीरावरून कांदळाच्या शेंगा आणून ती चिखलात रोवी, आणि भरती त्या घेऊन जाई. असे सांगतात, की एका पहाटे धुक्यात तिला नवरा पाण्यावरून चालत येताना दिसला. तो दाराशी टांगलेल्या आपल्या जाळ्याकडे तेवढा पाहत राहिला.

उजाडताच जोमायनं ते जाळं कापायला घेतलं.

"धन्याची तेवढीच आठवण गो, आये," शेजारची हिरू कळवळली.

"त्यानंच सांगितलंन," जोमाय म्हणाली.

खुंट ठोकून तिनं शेंगांभोवती जाळं बांधलं. भरती आली, जाळ्यातून गेली, शेंगा जागच्या जागी राहिल्या. दुसऱ्या दिवशी हिरूनं आपलं जाळं आणलं, मग एकेक घर येत गेलं. बेट सोडायचं पुढे ढकललं ते ढकललंच.

बऱ्याच वर्षांनी कांदळं दाटली, खारं पाणी अडलं आणि विहीर गोड झाली. हिरूनं कांदळाच्या मुळांतली इवली बोयट मासळी मडक्यात जिवंत धरून आणली. "आता तरी खा, आये."

जोमायच्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगा. ती मडक्यात पाहत राहिली.

"पिल्लं हायत गो. वाढू दे," म्हणाली, आणि तिनं ती सोडून दिली.

आजही कुरवाडीत जुनं जाळं टाकत नाहीत, कांदळाच्या नव्या शेंगांभोवती बांधतात. त्या दिवशी घरातली थोरली बाई नुसता भात खाते. तिच्या वाटणीचा मासा मुळांत वाढत असतो, असं बेटावर मानतात.