चकल्या हसल्या

सर्व्हरवर बसून, कधी न पाहिलेल्या जगभरच्या ब्राउझरांसाठी कोड पाडणारी संगणकातली फ्रेमवर्कं अजून जन्मली नव्हती, तेव्हाची गोष्ट. दुर्गाकाकूंच्या स्वयंपाकघरात एक पितळी सोऱ्या होता. त्याच्या पोटात भाजणीचं पीठ भरलं, की काटेरी चकल्या भराभर उतरत. कढईजवळचा झारा कौतुकानं बघत राही. असे काटे कुणाच्या बोटांना जमले असते?

एका दिवाळीत काकू ओरडल्या, "अगं बाई, चकल्या हसल्या!"

ओट्यावरचा सोऱ्या खूश झाला. "हसणारच! आज पीठ कसं लोण्यासारखं उतरतंय."

झाऱ्याला हसावं की रडावं कळेना. "अरे बाबा, तेलात हसणं म्हणजे विरघळणं! पिठात तेलाचं मोहन जास्त झालंय. माझ्या हाती नुसता चुरा येतोय."

सोऱ्यानं कढईच्या आत जन्मात पाहिलं नव्हतं. "पीठ मऊ आहे, हे मला पोटात कळत होतं रे," तो म्हणाला. "मला वाटलं, तेच चांगलं."

काकूंनी पिठात कोरडी भाजणी मिसळली.

"आता एकच पाडतो," सोऱ्या म्हणाला. "तिचं काय होतं ते सांग, मग पुढच्या."

झाऱ्यानं तेलातली चकली उलटली. काटा न् काटा उभा होता. "नाही हसली!" तो ओरडला.

तेव्हा सोऱ्या हसला.