गज खाली ठेव

त्या दिवशी सकाळपासून समुद्रावरचा वारा सुटला होता. वाडीतल्या केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. शेजारी इनास मास्तरांची खिडकी आपटत होती, म्हणून मी सांगायला गेलो आणि दारातच थांबलो.

"तिला हळू वाजवायला सांगणार की नाही, मास्तर?"

हा जेरोम. मास्तरांचा सगळ्यात हुशार शिष्य, आणि ते त्यालाही ठाऊक. चेलो वाजवतो. माणसाएवढं ते वाद्य गुडघ्यांत धरायचं आणि तारांवर गज ओढायचा. पियानोवर त्याची चुलतबहीण प्रेसिला. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये दोघं मिळून एक जुना परदेशी सोनाटा वाजवणार होती. मला त्यातलं काय कळतंय! पण ऐकताना अंगावर काटा येतो, एवढं खरं.

"हिच्या गोंगाटात मी ऐकूच येत नाही," जेरोम म्हणाला.

"तुला पियानो हवाय की बसायला चटई?" प्रेसिला म्हणाली.

"बघा, कशी बोलते! मास्तर, मी एकटाच वाजवतो आज. हिची गरजच काय?"

प्रेसिलानं पियानोचं झाकण खाली ओढलं. डोळे भरले होते पोरीचे.

मास्तर उठून जेरोमपाशी आले.

मग म्हणाले, "गज खाली ठेव."

"म्हणजे?"

"वाजवू नको. चेलो नुसता छातीशी धरून बस. प्रेसी, झाकण उघड. शेवटचा भाग घे. जोरात."

"किती जोरात?"

"हा घरी गेलाय असं समज."

तिला हसू फुटलं. आणि तिनं असा हात टाकला की खिडकीची काच थरथरली.

जेरोम तोंड फिरवून बसला होता.

एकदम ताठ झाला. चेलोवर गाल टेकवला...

"मास्तर! हा वाजतोय! मी तारांना हात लावलेला नाही! पास्कूकाका, या, या, इथे हात ठेवा!"

मी वहाणा काढून धावलो. लाकडावर तळवा ठेवला, तर रवंथ करणाऱ्या गाईच्या पोटासारखं ते आतून हलत होतं. तारा आपल्या आपण थरथरत होत्या. माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

"खरंच रे पोरा!" मी ओरडलोच.

"थांबू का?" प्रेसिलानं विचारलं.

"नको गं! थांबू नको! अजून जोरात!" जेरोमनं चाचपडत गज उचलला आणि मध्येच तिच्या सुरांत सामील झाला.

शेवटाला दोघं धापा टाकत होती आणि एकमेकांकडे बघून हसत होती.

मला राहवेना. मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तर, संध्याकाळी दोघांत कुणाचा आवाज पुढे ठेवणार?"

मास्तरांनी खिडकीला कडी घातली.

"जो त्या वेळी गप्प असेल, त्याचा. मघाशी गज खाली असतानाच चेलो घुमला ना?"