कड्यावरचा दोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. उंच कड्याच्या पायथ्याशी ते गाव होतं. कड्याला आग्यामाश्यांची मोहळं लोंबत असत आणि गावाचं पोट त्या मधावरच चालायचं.

एका सकाळी भिवरा झऱ्यावर पाण्याला गेली. खडकापलीकडे दोघीजणी घागरी घाशीत बोलत होत्या. त्यातली एक तिची शेजारीण, शेवंता.

"गेनूनं ऐन वेळी दोर सोडला म्हणे," शेवंता सांगत होती. "नाही तर त्याचा दाजी आज..."

तेवढ्यात भिवराची सावली पाण्यावर पडली आणि शेवंताचं बोलणं तिथंच तुटलं. दोघींनी मान खाली घालून घागरी उगाचच पुन्हा घासायला घेतल्या.

गेनू म्हणजे भिवराचा थोरला भाऊ. आणि त्याचा दाजी म्हणजे भिवराचा नवरा. कड्यावरून पडून तो गेला, त्याला महिना झाला होता, आणि भिवराला तेव्हा पाचवा महिना चालू होता.

भिवरानं तेव्हाच विचारायला हवं होतं, की बाई, पुढं काय? पण तिनं विचारलं नाही. तिनं निम्मी घागर भरली, घरी आली आणि शेवंताचं अर्धं राहिलेलं वाक्य स्वतःच पुरं केलं.

त्या गावाची एक रीत होती. मध काढणारा कड्यावरून खाली उतरला, की वर त्याचा दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावानंच. आपल्या बहिणीचं कुंकू पुसावं असं कुठल्या भावाला वाटेल? म्हणून दुसऱ्या कुणी त्या दोराला बोटसुद्धा लावायचं नाही. सगळ्यांनी वीस पावलं मागं थांबायचं. आणि हाक तर मुळीच मारायची नाही, कारण आवाजानं माश्या उठतात. काय बोलायचं ते दोरानंच. खालून एक हिसका आला की वर ओढायचं, दोन आले की ढील द्यायची.

त्या दिवशी वर गेनू होता आणि त्याच्या मागं गावातला सगळ्यात जुना मधकाढ्या, आबा. बाकीचा गाव पायथ्याशी होता. पायथ्याच्या लोकांनी माणूस पडताना पाहिला आणि त्याच्या मागून दोर येताना पाहिला. दोर खाली आला म्हणजे वरच्यानं सोडला, एवढा सरळ हिशोब गावानं केला.

भिवरानं भावाशी बोलणं टाकलं. गेनू रोज सकाळी तिच्या दारात लाकडं आणून टाकायचा. मोळी खांद्यावर, आणि दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. ती फडकी भिवराला दिसायची, पण तिला वाटायचं, लाजेनं झाकले असतील हात. शेवंताला राहवायचं नाही. कुंपणावरून ती म्हणायची, अगं, भाऊ आहे, एक तांब्या पाणी तरी दे. भिवरा तिच्याकडं बघायचीच नाही. आपलंच तोंड या सगळ्याला कारण झालं, हे शेवंताच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

पावसाळा सरला. भिवराला मुलगा झाला. बाराव्या दिवशी गेनू दाराशी येऊन उभा राहिला. नवं झबलं त्याच्या काखेत होतं.

"भिवरे," तो म्हणाला, "पोराला नुसतं लांबून बघतो. घ्यायचं म्हणत नाही."

भिवरा पाळण्याच्या आड उभी राहिली. "ज्या हातानं दोर सोडला, तो हात माझ्या पोराजवळ आणू नकोस."

गेनूनं आपल्या हातांकडं पाहिलं. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. झबलं उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेला. तो गप्प राहिला, तेव्हा भिवराची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी लाकडं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी आबा काठी टेकत आला आणि विचारल्याशिवायच ओसरीवर बसला.

"गेनू गाव सोडून गेला," तो म्हणाला. "त्यानं मला शपथ घातली होती. आता तोच नाही, तर शपथ पाळू कुणासाठी? ऐक. त्यानं दोर सोडला नव्हता."

मग आबानं जे पाहिलं होतं ते सांगितलं. माश्या उठल्या होत्या. खालच्या कपारीत शिरून अंग चोरायचं म्हणून दाजीनं दोन हिसके दिले, ढील दे म्हणून. पण गेनूनं दोर इतका आवळून धरला होता, की हिसके त्याच्या मुठीला कळलेच नाहीत. त्याला वाटलं, दाजीचा पाय घसरला. त्यानं आणखी आवळला. खाली माणूस माश्यांत तडफडत राहिला, वर ताणलेला दोर कड्याच्या धारेवर घासत राहिला, आणि तुटला.

"तुटल्यावरही त्याच्या मुठीत दोराचा तुकडा होता. एकेक बोट मी उलगडलं. तळव्याचं कातडं दोराला चिकटून आलं. ती बोटं पुन्हा नीट मिटलीच नाहीत, पोरी. तुझं पोर त्यानं घ्यायचं म्हटलं नाही, ते का, ते कळलं का आता?"

भिवरा म्हणाली, "पण दादा तर जुना हात. दोर आवळायचा नसतो, झोपलेल्या पोराचा हात धरावा तसा धरायचा, हे त्यानंच गावातल्या पोरांना शिकवलं. मग त्या दिवशी असं का?"

आबानं काठी आडवी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "त्यानंच मला सांगितलं, आदल्या संध्याकाळी तू त्याच्याकडं गेली होतीस."

गेली होती. पोटात जीव होता, मनात भीती होती. भावाचे दोन्ही हात धरून ती रडली होती आणि म्हणाली होती, दादा, गच्च धर, काही झालं तरी ढील देऊ नकोस. बहिणीचं हे बोलणं गावाला कळू नये आणि बहिणीलाही ते कधी आठवू नये, म्हणून गेनूनं सगळा बोल स्वतःवर घेतला होता.

भिवरानं पोर शेवंताच्या हातात दिलं आणि ती गावाबाहेर जाणाऱ्या खिंडीकडं धावली. वाटेत गुराख्यानं सांगितलं, परवाच गेला तो, गाठोडं कोपरात अडकवून. हातात धरता येत नव्हतं.

खिंडीच्या तोंडाशी, कड्याच्या अगदी खाली, जिथं त्या गावात कुणी कधी मोठ्यानं बोललं नव्हतं, तिथं उभं राहून भिवरानं हाक मारली. दादा, दादा म्हणून घसा बसेपर्यंत मारली. वर मोहळं काळी होऊन उठली. खिंडीतून उत्तर आलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

गावात बोललं जात होतं ते सगळंच खोटं नव्हतं. भिवराचा नवरा गेनूच्याच हातून गेला, एवढं खरं होतं. दोर सोडला हे मात्र खरं नव्हतं. ढील द्यायच्या वेळी त्यानं ती दिली नव्हती, आणि ती देऊ नकोस असं सांगणारी त्याची बहीणच होती.

ज्याला धरून ठेवायचं, त्याचा हिसका आपल्याला कळेल इतकाच हात आवळावा.