लाल फडक्याचं दही

ऐका लेकरांनो. आणि लेकरांच्या मागं बसून ऐकत नसल्याचं सोंग करणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. फार मागची गोष्ट आहे. तेव्हा वाटांना नावं नव्हती, पण दह्याला होतं.

डोंगराखालच्या एका गावात धुरपा नावाची गवळण राहायची. घरात म्हातारी सासू, गोठ्यात म्हशी. धुरपाचं दही असं लागायचं, की मडकं पालथं केलं तरी हलायचं नाही. तिचं विरजण सासूनं दिलेलं, सासूला तिच्या सासूनं दिलेलं. दिवस कलला की गावातल्या बाया वाटी घेऊन यायच्या. "धुरपे, विरजण दे गं." ती बोटभर द्यायची. विरजणाचं मोल घ्यायचं नाही, अशी त्या गावची रीत होती.

तिकडं राजधानीत एक दहीवाला होता. त्याच्या मडक्याच्या तोंडाला लाल फडकं असायचं. राजाच्या पंगतीत ते दही वाढलं गेलं आणि लाल फडक्याचं नाव मुलखात झालं. पण दही काही लांब जात नाही, वाटेतच आंबतं. मग दहीवाल्यानं युक्ती काढली. दही पाठवायचंच नाही, फडकं पाठवायचं.

एके दिवशी त्याचा कारभारी धुरपाच्या दारी उतरला. म्हणाला, "बाई, म्हशी तुझ्या, दूध तुझं, राबणं तुझं. फडकं आमचं, मडकी आमची, विरजण आमचं. दर बाजाराला विरजण घेऊन गाडी येईल. लोण्यातला वाटा तेवढा आम्हाला द्यायचा."

सासू म्हणाली, "म्हणजे घाम हिचा आणि लोणी तुमचं!"

कारभारी हसला. "आजी, गिऱ्हाईक नावाला येतं. वेशीबाहेर धुरपाला कोण ओळखतं?"

हे खरं होतं. म्हणून तर ते लागलं.

धुरपानं विचारलं, "गावात दुसरं कुणी लाल फडकं बांधणार नाही ना?"

"वेशीच्या आत कुणी नाही. शब्द दिला. पण तूही एक शब्द दे. घरातलं जुनं विरजण ठेवायचं नाही आणि विरजण कुणाला द्यायचंही नाही. लाल फडक्याखाली सगळीकडं एकच चव."

कारभारी गेल्यावर सासू म्हणाली, "अगं, वाटीभर तरी कोनाड्यात झाकून ठेव. त्याला कोण बघायला येतंय?"

"शब्द दिलाय, आत्याबाई."

धुरपा खोटं वागणारी नव्हती. तिनं जुनं मडकं परसात नेलं, राखेनं घासलं, वर उकळतं पाणी ओतलं. म्हातारी उंबऱ्यात बसून बघत राहिली.

मग काय, भरभराट झाली. खिंडीतून येणारे व्यापारी, तांडेवाले, वऱ्हाडी, सगळे लाल फडकं बघून थांबू लागले. गावच्या बाया वाटी घेऊन आल्या, तेव्हा धुरपानं मान खाली घातली. "देता येत नाही गं वैनी." आधी त्या फुगल्या. मग म्हणाल्या, "बरंच झालं. रोज दूध तापवून विरजण कोण लावत बसतंय!" त्या विकतचं दही नेऊ लागल्या. घराघरातली विरजणं मेली, आणि कुणाला कळलंही नाही.

माणसांची जीभ कशी असते बघा. दही चांगलं लागलं, की "काय ते लाल फडक्याचं दही!" जरा आंबट झालं, की "धुरपानं हयगय केली."

एका हिवाळ्यात गिऱ्हाईक आटलं. धुरपा चालत खिंडीपर्यंत गेली. बघते तर तिथं नवं छप्पर, नवा दहीवाला आणि मडक्यांवर लाल फडकं. ती कारभाऱ्याकडं धावली.

"दादा, तुमचा शब्द होता!"

"खिंड तुझ्या वेशीच्या आत आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

उन्हाळा आला. बाजाराच्या दिवशी गाडी आली, तेव्हा विरजणाला वास होता. धुरपा म्हणाली, "हे उतरलंय रे." गाडीवान म्हणाला, "भरून देतात ते मी आणतो, बाई. दुसरं लावायचं नाही, एवढं तुलाही ठाऊक आहे." दुसरं होतंच कुठं? तिनं तेच लावलं. दह्याला तार सुटली. ते दही एका लग्नाच्या पंगतीत गेलं आणि पंगत अर्ध्यावर उठली. नवरीच्या बापानं मडकी धुरपाच्या अंगणात आणून फोडली.

कारभारी आला. त्यानं दारावरचं लाल फडकं सोडलं आणि घडी घातली.

"विरजण तुमचंच होतं, दादा," धुरपा म्हणाली.

"विरजण आमचं, पण हात तुझे. नाव खराब झालं, ते आमचं."

उरलीसुरली मडकी गाडीत भरून तो निघून गेला.

धुरपानं म्हशी पिळल्या, दूध तापवलं आणि वाटी घेऊन गावात निघाली. जिथं बाया तिच्या दारी यायच्या, तिथं ती एकेकीच्या दारी उभी राहिली. "वैनी, बोटभर विरजण दे गं."

"कुठलं आणू? तूच तर बंद केलंस," एक म्हणाली. दुसरीनं नुसतीच रिकामी वाटी पालथी करून दाखवली.

घरी येऊन तिनं कोमट दुधात मिरचीची देठं टाकली. सकाळी दही लागलं होतं. सासूनं जिभेवर ठेवलं. म्हणाली, "घट्ट आहे. पण आपलं नाही, पोरी." रागावली असती तर बरं झालं असतं.

तसलं दही कोण घेणार? धुरपा रोज दूध खिंडीत नेऊन घालू लागली. तिथला माणूस ते लाल फडक्याखाली लावायचा.

एकदा म्हातारीनं अंथरुणावरून दहीभात मागितला. धुरपानं खिंडीतून दही आणून कालवला.

"कुणाचं गं?"

"आपल्याच म्हशीचं, आत्याबाई."

म्हातारीनं एक घास घेतला. ताट हळूच बाजूला सारलं, भिंतीकडं तोंड केलं, आणि पुन्हा दही काही मागितलं नाही.

लेकरांनो, मोठ्या नावाच्या सावलीत खुशाल बसा, पण त्यासाठी घरचं विरजण मोडू नका. ते एकदा मेलं, की कुणाच्या दारी मागून मिळत नाही.