निळोबाची फांदी

फार पूर्वी, तळी बारमाही भरलेली असायची तेव्हा, खंड्या पक्ष्यांची स्पर्धा व्हायची. पाच मासे धरायचे, चुकलेल्या सुरामागे एक वजा करायचा आणि उरलेल्यांना तेवढ्या वेळातल्या बेडकाच्या डरावांनी भागायचं. जिंकेल त्याला पाण्यावर वाकलेली फांदी मिळे. ती कायम निळोबाची असे. पण एका वर्षी स्पर्धेआधीच त्याला ससाण्याने नेलं.

त्याच्या धाकट्या भावाला, झप्याला, दादाची फांदी परक्याकडे जाऊ द्यायची नव्हती. पहिला सूर त्याने घाईतच मारला आणि चुकला.

"मासे धरायला आलायस की पाण्याला थोबाडीत मारायला?" पंच बगळेकाका म्हणाले.

झप्याला आठवलं, दादा प्रत्येक सुराआधी एक डराव थांबायचा. तोही थांबला. मासा नीट दिसला. पुढचे पाचही सूर लागले.

कोणी घाईत चुकलं होतं, कोणी नुसतं बघत बसलं होतं. भागाकारात झप्याच पुढे निघाला. तो फांदीच्या टोकाशी जाऊन बसला. मधली जागा त्याने दादासाठी मोकळी ठेवली.