कडी नसलेलं दार

फार फार जुनी गोष्ट. एका राजाला मोठेपणाची हौस होती. स्वतःच्या मोठेपणाची तर होतीच, पण एक दिवस त्याला दुसऱ्यांच्या मोठेपणाचीही हौस आली. राज्यात होऊन गेलेल्या थोरांची घरं शोधा, त्यांवर नावाची शिळा बसवा आणि दाराला कुलूप ठोका, असा हुकूम निघाला.

झालं! सेनापतीच्या हवेलीला कुलूप लागलं. राजकवीच्या घराला लागलं. घरं थोर ठरली आणि घरातली माणसं रस्त्यावर आली. तोंड उघडायची कुणाची छाती झाली नाही.

फिरत फिरत राजाचा कारभारी शिपायांसह डोंगराखालच्या एका गावी आला. तिथे एक वैद्यबुवा होऊन गेले होते. साथीत त्यांनी सारी पंचक्रोशी वाचवली होती. आता त्यांची सून औषध द्यायची. या घराची एक रीत होती. बरा झालेला माणूस जाताना माती कालवायचा, हातभर भिंत लिंपायचा आणि मग आपल्या घरी जायचा.

"बाई, आजपासून इथे रोगी नकोत," कारभारी म्हणाला. "थोर माणसाचं घर आहे हे!"

"म्हणूनच तर येतात," सहाणेवर मुळी उगाळत बाई म्हणाली.

"राजाज्ञा आहे. लावा रे कुलूप!"

शिपाई पुढे झाले आणि घुटमळले. "सरकार, दाराला कडीच नाही." रोग्याला बाहेर ताटकळावं लागू नये, म्हणून वैद्यबुवांनी ती कधी बसवलीच नव्हती.

गावच्या सुताराला बोलावलं. त्याने आपला उजवा हात पुढे केला. "मोडलेला हा हात इथेच जुळला, सरकार. या हाताने इथे कडी बसायची नाही."

"मग माझे शिपाई ठोकतील!"

ओसरीवर तापाने फणफणलेली एक लेकुरवाळी निजली होती. बाईने तिच्याकडे पाहिलं. मग उठून तिने दाराची दोन्ही कवाडं उचलून काढली आणि धाडकन कारभाऱ्याच्या पायाशी टाकली.

"कुलूप दारालाच लागतं ना? न्या दार. घर इथेच राहील."

"मान उडेल तुझी!"

"उडू दे. पण आधी हिचा ताप उतरू दे."

तोवर सारा गाव उंबऱ्यासमोर येऊन उभा राहिला होता. एवढी गर्दी पाहून कारभारी नुसतं दार घेऊन गेला. राजवाड्यात त्या दारावर शिळा बसली, आणि कडी बसवून कुलूपही लागलं. आता बोला!

बऱ्याच वर्षांनी राजा आपली थोर घरं पाहायला निघाला. हवेलीचं कुलूप ओढलं, तर चौकटीसकट हातात आलं. आत नुसती वाळवी. कवीच्या घरात छप्पर खाली बसलेलं. तिथल्या धुळीने राजाला खोकल्याची अशी उबळ आली की श्वास पुरेना. डोंगराखालच्या घरी त्याला उचलूनच आणावं लागलं.

त्या घराच्या भिंती ओल्या मातीने घमघमत होत्या. बाईने चाटण दिलं. तीन दिवसांनी खोकला थांबला. राजाने गळ्यातला कंठा काढला.

"तो राहू दे," बाई म्हणाली. "माती तिकडे आहे."

राजाने बाह्या सरसावल्या. हातभर भिंत त्याने लिंपली, वेडीवाकडी का होईना. परतल्यावर त्याने सगळ्या घरांच्या किल्ल्या ज्यांच्या त्यांना देऊन टाकल्या.

बोध: थोरांचं घर कुलपाने टिकत नाही, तिथे त्यांचं काम चालू राहिलं, तरच टिकतं.