सोजरबाईंचा परिचय

एकदा एका उमेदवार बाईला स्वतःचा छापील परिचय वाचून स्वतःचीच ओळख पटेना. नाव तिचंच, छायाचित्रही तिचंच, आणि खाली मजकूर असा : धर्मपरायण, सुसंस्कृत, समाजकार्याची बालपणापासून आवड. आता बालपणापासून आवड म्हणजे काय, ते निवडणुकीची पत्रकं लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. सोजरबाईंचं बालपण दुसऱ्यांच्या म्हशी राखण्यात गेलं होतं. त्यांची आवडनिवड विचारायला कुणी आलं नव्हतं.

पत्रक काढलं होतं नानासाहेबांनी. ते गावातल्या एका पॅनलचे प्रमुख. ग्रामपंचायतीची एक जागा बाईसाठी राखीव झाली आणि खालच्या वस्तीत सोजरबाईंच्या शब्दाला मान, म्हणून त्यांनी यांना उभं केलं. मात्र एक गोष्ट बजावून सांगितली.

"ते मढ्यांचं कुठं बोलायचं नाही. लोक अशुभ मानतात. विरोधक विचारायलाच लागलेत, मढी धुणारी बाई पंचायतीत बसवणार का म्हणून. मुकाट हे पत्रक वाटायचं, नाहीतर परवा अर्ज मागं घ्यायचा. आम्हाला दुसरी बाई मिळंल."

ते मढ्यांचं म्हणजे असं. त्या गावात बाई वारली की तिला शेवटचं न्हाऊ घालायला, लुगडं नेसवायला सोजरबाईंना बोलावणं येई. सोळा वर्षांपूर्वी एक बाई क्षयानं गेली. जावा-नणंदा दारातूनच रडत राहिल्या, हात लावायला कुणी धजेना. सोजरबाईंनी पदर खोचला आणि पाण्याचा हंडा उचलला. तेव्हापासून ते काम त्यांच्याच वाट्याला आलं. हे बोलावणं कधी चुकलं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र, नवरा धडधाकट असूनही, त्यांना कधी आलं नाही.

प्रौढांच्या वर्गात ज्यांनी त्यांना अक्षर शिकवलं, ते गुरुजी आता ऐंशीच्या पुढे गेले होते. पत्रक घेऊन सोजरबाई त्यांच्याकडे गेल्या. गुरुजींनी ते चष्मा सावरून वाचलं. मग शांतपणे पेल्यातल्या पाण्यात भिजवलं, त्याचा बोळा केला, आणि त्या बोळ्यानं भिंतीवरचा जुना फळा स्वच्छ पुसून काढला.

सोजरबाईंना वाटलं, वयोमानानं यांचं डोकं फिरलं. "अहो गुरुजी, त्यावर काय म्हणता ते विचारायला आले होते मी."

"तेच सांगतोय. पुसायला बरं आहे," गुरुजी म्हणाले आणि खडू पुढे केला. "आजवर ज्यांना न्हाऊ घातलंस त्यांची नावं लिही. आणि पुढे, ती कशानं गेली तेही लिही."

सोजरबाई लिहू लागल्या. पारूबाई, विहिरीच्या पायऱ्यांवर घसरून, डोक्यावर भरला हंडा असताना. पारूबाईंचं तेरावं झालं तशा सोजरबाई पंचायतीच्या दारात जाऊन बसल्या होत्या, आणि वस्तीवर नळ आल्यावरच उठल्या होत्या. शेवंता, बाळंतपणात, रस्त्यातच, बैलगाडीत. त्यानंतर रस्त्यासाठी त्यांनी तालुक्याला किती खेपा घातल्या याला गणती नव्हती. सत्ताविसाव्या नावाशी मात्र खडू थांबला.

"ही नानासाहेबांची आई."

"मग? तिला काय नाव नव्हतं? लिही."

सोजरबाईंनी लिहिलं. भागीरथीबाई, तीन महिने अंथरुणाला खिळून, दारात जीप असताना.

एकतीस नावं झाली. गुरुजी म्हणाले, "समाजकार्याची आवड तुला कधीच नव्हती, सोजर. मेलेल्या बाईच्या अंगावर पाणी घालताना तुझ्या हातांना कळत गेलं, की हिनं मरायला नको होतं. तो राग घेऊन तू नळासाठी बसलीस, रस्त्यासाठी भांडलीस. सार्वजनिक जीवनात तू आलीस ती या एकतीस अंगणांतून. त्यांना ते अशुभ वाटतं, कारण त्यातली काही अंगणं त्यांची आहेत. हे झाकलंस, तर निवडून येईल ती त्या पत्रकातली बाई. तू घरीच राहशील."

सोजरबाईंनी सगळी नावं कागदावर उतरवून घेतली आणि तडक नानासाहेबांकडे गेल्या. "माझा परिचय हा. छापायचा तर हा छापा."

नानासाहेब वाचत गेले. सत्ताविसाव्या नावावर त्यांचं बोट थांबलं. आवाज एकदम खाली आला. "बाकीची राहू दे. पाहिजे तसं छापतो, मढ्यांचंही छापतो. हे एवढं एक खोड."

मनात आणलं असतं तर सौदा वाईट नव्हता. तीस नावं राहत होती, पॅनल राहत होतं, निवडून येणंही जवळजवळ ठरलेलं होतं. पण सोजरबाईंना त्या म्हातारीची पाठ आठवली आणि त्यांचं पित्त खवळलं.

"नाना, पडून पडून तुमच्या आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. मी त्या धुतल्या आणि आजवर ब्र काढला नाही. चुकलंच माझं. नाव राहील."

"मग तू पॅनलमध्ये नाहीस. परवा अर्ज मागं घे."

"अर्ज तुमचा नव्हे, माझा आहे. एकटी उभी राहते."

दुसऱ्या दिवशी त्या चावडीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी कागद वाचायला घेतला. सुरुवातीला लोक कुजबुजले, कुणी हसलंही. मग पारूबाईंचं नाव आलं, तशी त्यांची लेक बायकांतून उठून उभी राहिली. शेवंताच्या नावाला तिची जाऊ उठली. कुणी सांगितलं नव्हतं, खूण केली नव्हती. नाव येई आणि त्या घरातली एखादी बाई उठे. सत्ताविसाव्या नावाला नानासाहेबांची बायको उठली, आणि नवऱ्यानं समोरून कितीही डोळे वटारले तरी ती खाली बसली नाही.